बोफिनच्या पोटात दोन तास

पर्ल हार्बरला आमची, जपानी हल्ल्यात बुडालेल्या ‘अ‍ॅरिझोना’ युद्धनौकेच्या स्मारकाची बोट दुपारची होती, त्यामुळे सकाळचे दोन तास मोकळे मिळाले आणि ते मी, आत पिशव्या नेऊ देत नसल्याने पाठपिशवी बाहेर जमा करून, शेजारीच धक्क्याला लागलेल्या ‘बोफिन’ या जुन्या अमेरिकी पाणबुडीत घालवले. पर्ल हार्बरवरच्या त्या हल्ल्याला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, ७ डिसेंबर १९४२ रोजी, तिचे जलावतरण झाले होते.

अरुंद जिन्याने उतरल्यावर पुढची टॉर्पेडोची खोली लागते. तिथे सहा नळ्यांची पितळी झाकणे लखलखत होती आणि टॉर्पेडोंच्या अगदी अंगाला लागून खलाशांच्या झोपायच्या फळ्या टांगलेल्या होत्या. रेल्वेतला मधला बर्थ ऐसपैस वाटावा, अशी ती जागा. सुमारे ८० माणसे अशाच कोंदटपणात महिना-दोन महिने काढत.

मला मात्र त्या टॉर्पेडोंनीच जास्त वेळ खिळवून ठेवले. युद्धाची पहिली पावणेदोन वर्षे अमेरिकेचा मार्क १४ हा टॉर्पेडो दगा देत राहिला; सुरुवातीला तो नेमलेल्या खोलीपेक्षा खालून जाई, आणि नेमका आदळला तरी अनेकदा फुटत नसे. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ या अमेरिकी पाणबुडीने एका जपानी जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले, त्यांतले बहुतेक वाया गेले, वैतागलेल्या कप्तानाने उरलेला एक तपासणीसाठी परत आणला. मग हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून पाहिले, तेव्हा कळले की सरळ धडकेत स्फोटक पेटवणारी खीळच अडकते. दोष शस्त्राचा असताना इतके दिवस बोल कप्तानांना लावला गेला, हे वाचून सरकारी खाती सगळीकडे सारखीच, असे मनात आलेच.

त्यानंतर टॉर्पेडो फुटू लागले. जपानची निम्म्याहून अधिक बुडालेली व्यापारी जहाजे पाणबुड्यांच्या खात्यावर आहेत. त्यासाठी अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजारांवर माणसे गेली. किनाऱ्यावर त्यांतल्या प्रत्येक पाणबुडीच्या नावाचा फलक आहे. ‘टँग’ तर स्वतःचाच टॉर्पेडो गोल फिरून परतल्याने बुडाली.

‘बोफिन’ने २२ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ‘त्सुशिमा मारू’ हे जपानी जहाज बुडवले. आत काय आहे, हे तिच्या खलाशांना ठाऊक नव्हते. आत ओकिनावातून सुरक्षित ठिकाणी हलवली जाणारी शाळकरी मुले होती. सुमारे दीड हजार माणसे मेली, त्यांत ७०० हून अधिक ही मुले. वाचलेल्यांना याविषयी बोलायचीही बंदी होती. त्या मुलांचे संग्रहालय ओकिनावातल्या नाहा शहरात २००४ साली उघडले. तिथे अजून जाणे झालेले नाही.