अंदाजवही : तिसरा महिना

इंग्रजी वाचताना अडलेला शब्द लगेच कोशात न पाहता संदर्भावरून ओळखण्याच्या माझ्या सरावाला या आठवड्यात तीन महिने पूर्ण झाले. मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रोजच्या प्रवासात मी वाचतो, अंदाज पेन्सिलीने वहीत लिहितो आणि घरी आल्यावर कोश उघडून शेजारी खरा अर्थ शाईने नोंदवतो. या महिन्यात ६२ शब्द आले. २७ अंदाज बरोबर, १६ अर्धवट आणि १९ साफ चुकीचे निघाले.

चुकलेल्यांपैकी बहुतेक शब्द एकाच जातीचे आहेत : त्यांचे तुकडे पाडून मी अर्थ लावला होता. एका निवृत्त परिचारिकेच्या कामाविषयी ‘इनव्हॅल्युएबल’ असा शब्द आला, तेव्हा ‘इन’ म्हणजे नकार आणि ‘व्हॅल्यू’ म्हणजे किंमत असे धरून मी ‘कवडीमोल’ लिहिले. पुढच्याच वाक्यात रुग्णालयाने तिचा सत्कार केल्याचे वाचूनही तो अंदाज मी खोडला नाही. आपल्या ‘अमूल्य’ शब्दाची घडणही अशीच आहे, हे त्या वेळी आठवायला हवे होते. बाटिया लाउफर या संशोधिकेने अशा फसव्या पारदर्शक शब्दांकडे लक्ष वेधले आहे : शब्द येत नसताना येतो असे वाटते, त्यामुळे वाचक संदर्भाकडे पाहतच नाही.

डी. एफ. क्लार्क आणि पॉल नेशन यांनी १९८० साली सुचवलेल्या क्रमात आधी शब्दाची जात ठरवायची, मग वाक्यातील सोबतचे शब्द पाहायचे, मग शेजारच्या वाक्यांशी कार्यकारण किंवा विरोध असा कोणता संबंध आहे ते शोधायचे, आणि उपसर्ग-प्रत्ययांकडे अंदाज बांधून झाल्यावर केवळ पडताळ्यासाठी वळायचे. महिन्याच्या उत्तरार्धात मी हा क्रम कसोशीने पाळला. पावसाच्या बातमीतील ‘कल्व्हर्ट’ तसाच सुटला : नाम आहे, रुळांखाली असतो, गाळाने तुंबतो आणि तो तुंबला की शीव-कुर्ल्यादरम्यान रुळांवर पाणी चढते. मी ‘मोरी’ लिहिले आणि कोशातही तेच निघाले.

ओळखीच्या शब्दांनी मात्र अजून अडवले आहे. ‘कन्सेशन’ म्हणजे विद्यार्थ्यांना रेल्वेच्या पासावर मिळणारी सवलत, हे मुंबईत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एका कथेतील म्हाताऱ्याने वयाला दिलेले एकमेव कन्सेशन म्हणजे हातातली काठी, असे वाक्य आले, तेव्हा मी दादरपासून भायखळ्यापर्यंत त्याच वाक्यावर थांबलो. देणारा म्हातारा आणि घेणारे वय, हे ध्यानात आल्यावर ‘माघार’ हा अर्थ हाती लागला. या महिन्यातील सर्वांत समाधान देणारी नोंद हीच.

पुस्तकाची निवडही मी बदलली आहे. हू आणि नेशन यांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार कथा कोणाच्या मदतीविना नीट समजण्यासाठी तिच्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द सहाच्या आसपास. माझ्या कादंबरीत ते पंधरा-सोळा भरत होते, आणि ज्या शब्दांच्या आधाराने अंदाज बांधायचा तेच अनोळखी असल्याने संदर्भ उरतच नव्हता. ती तूर्त बाजूला ठेवून सोमवारपासून एक सोपा कथासंग्रह घेतला आहे. त्याच्या पहिल्या दहा पानांत प्रत्येकी चार ते सात शब्द अडले.

पुढील महिन्यात वहीत एक रकाना वाढवत आहे : अंदाजाआधी शब्दाची जात.