काटेकोर हातांनी वाकलेला क्विल्ट

पट्ट्यांचा क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखं तीन थरांचं पांघरूण, नवशिक्यांना पहिला म्हणून देतात, मीही माझ्या वर्गात देते. त्यात कोपऱ्याला कोपरा जुळवायचा नसतो, त्रिकोण नसतात, उरेब म्हणजे तिरकं कापलेलं कापड हाताळावं लागत नाही. अडीच इंची २० पट्ट्या एकीला एक जोडत गेलं की वरचा थर तयार. या थराचे जेवढे म्हणून हाल होऊ शकतात तेवढे वर्गात माझे बघून झालेत, असं मला वाटत होतं. मग गेल्या वर्गात एकीने आपला थर टेबलावर पसरला आणि तो धनुष्यासारखा वाकलेला निघाला. आणि ती वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी.

तिची कापणी मी स्वतः पाहिली होती. किनार आधी काढली, घडी कापडाच्या धाग्याला धरून सरळ बसली आहे ना ते पाहिलं, मगच पहिला काप घेतला. घडी तिरकी राहिली तर पट्टी उलगडल्यावर बरोबर मध्ये कोन दिसतो, आणि तो नंतर कशानेच जात नाही. पट्टी उरकायची घाई असलेल्यांना हे सांगून उपयोग नसतो. रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याचा कटर, १९७९ साली ओल्फा या कंपनीने आणला तेव्हापासून पट्ट्या कापणं झपाट्याचं झालं हे खरं, पण कटर चुकीचा कापही तेवढ्याच झपाट्याने घेतो. या मुलीची प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये अडीच इंच भरत होती.

माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, तीही तशीच. पाव इंच माया म्हणजे डोळ्यांना पाव इंच दिसली की झालं, असं नसतं. शिवण दुमडते तिथे कापडाची जाडी जाते, म्हणून टीप पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कडेच्या जवळ घ्यायची. हे तपासायला मी तीन पट्ट्या जोडून इस्त्री करायला लावते आणि मधली मोजायला लावते. ती बरोबर दोन इंच भरली पाहिजे. प्रत्येक कापडाची माया एक सोळांश इंचाने जास्त गेली तर एका शिवणीत एक अष्टमांश इंच जातो, आणि १९ शिवणींत दोन इंचांहून जास्त रुंदी नाहीशी होते. तिची मधली पट्टी दोन इंच भरली होती, आणि पूर्ण थराची रुंदी वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी साडेचाळीस.

म्हणजे माप सगळं बरोबर आणि कापड वाकडं. लांब कडेला मोजपट्टी लावली तर मध्यभागी दीड इंचाहून जास्त फट होती.

तिच्या शेजारच्या मशीनवर एक काकू होत्या. त्यांची माया कुठे जाड, कुठे बारीक. पट्ट्या खुर्चीवर ढिगाने टाकलेल्या, हाताला येईल ते टोक मशीनखाली जायचं. त्यांचा थर एका टोकाला एकोणचाळीस आणि दुसऱ्या टोकाला चाळीस. पण सरळ! लोकांनी त्याचे फोटो काढले, वाहवा केली. वाहवा करणाऱ्यांना रंग दिसतात, शिवण दिसत नाही. काकूंचा थर चांगला शिवलेला नव्हता हे मी तेव्हा बोलले नाही, पण माझं मत तेच आहे.

मुलीने विचारलं, "ताई, माझं चुकलं कुठे?"

मी तिला एक उरलेली पट्टी पुन्हा जोडून दाखवायला सांगितली आणि शेजारी उभी राहिले. तिने आपल्या पट्ट्या एकाच बाजूला टोकं करून ओळीने लावल्या होत्या. प्रत्येक शिवण त्याच टोकापासून सुरू, नवी पट्टी प्रत्येक वेळी वर. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ओढतात आणि वरून फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वरच्या कापडाला किंचित अडवतो. त्यामुळे बेचाळीस इंचांची टीप संपत आली की वरची पट्टी जराशी जास्त उरते. ती उरलेली दिसू नये म्हणून नेटका हात खालचं कापड आपसूक ताणतो आणि टोकं जुळवतो. हा ताण शिवणीत अडकतो. एका शिवणीत तो जाणवतही नाही. १९ वेळा एकाच दिशेने अडकला की थर वळतो. काकूंची टोकं उलटसुलट झाली होती, त्यामुळे त्यांचा ताण एकदा इकडे, एकदा तिकडे जाऊन मिटला.

त्यात इस्त्रीने भर घातली. वाफ सोडून पट्टीच्या लांबीने इस्त्री फिरवली की आडव्या धाग्यात कापलेली पट्टी लांबते. इस्त्री ठेवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. ही मुलगी शिवण अगदी सपाट बसावी म्हणून ती एकाच बाजूने ओढत होती.

वर्गात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक जण तेवढ्यात म्हणाल्या, "क्विल्टिंग झालं, धुतलं, की सगळं बसतं." क्विल्टिंग म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवणं. या वाक्याने माझं डोकं फिरतं. धुतल्यावर कापड आटतं तेव्हा बारीकसारीक लाटा झाकल्या जातात, हे खरं. वाकलेली कड नाही सरळ होत. आणि कड कापून सरळ केली तर बाहेरची पट्टी मध्ये दोन इंच आणि टोकांना अर्धा इंच उरते. नवशिक्या माणसाच्या पहिल्या कामाला असं वाटेल ते चालवून घ्यायचं आणि त्याला प्रोत्साहन म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी तिला दोन रस्ते सांगितले. पहिला, थर आडवा कापून सहा इंच उंचीचे तुकडे करायचे. एवढ्याशा तुकड्यात वळण जवळजवळ उरत नाही. मग ते सरकवून, उलटसुलट करून परत जोडायचे. ही तडजोड नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडातले सेमिनोल हे मूळनिवासी लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हाताने फिरवायच्या मशीनवर पट्ट्या शिवून, आडव्या कापून, पुन्हा जोडून जे कापड करत आले, त्याची रीत हीच. मला स्वतःला हाच रस्ता आवडला असता.

तिला नाही आवडला. तिने रंग फिक्याकडून गडदाकडे लावले होते आणि ते लांबच लांब, न तुटता हवे होते. मग दुसरा रस्ता, उसवायचं. सगळं नाही, एक सोडून एक. ९ शिवणी उसवल्या की १० जोड्या हातात राहतात, आणि त्या जोड्या दुसऱ्या टोकापासून जोडायच्या. उसवताना कापड फाडल्यासारखं ओढायचं नाही, नाहीतर कडा पुन्हा लांबतात. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि उलट बाजूचा दोरा ओढायचा, तो अख्खा निघून येतो. अडीच मिलिमीटरच्या टाक्याने एका शिवणीत चारशेहून जास्त टाके असतात. वर्ग संपला, बाकीचे गेले, ती उसवतच होती.

नव्याने जोडताना तिने प्रत्येक जोडीच्या एका टोकाला खडूने बाण काढला. टोकं आणि मध्य आधी टाचले, टीप मारताना हात फक्त वाट दाखवायला ठेवले. नंतर कडेला मोजपट्टी लावली तेव्हा फट पाव इंचावर आली होती. इस्त्रीने लांबलेल्या काही पट्ट्यांचा फुगवटा राहिलाच. त्यासाठी मी तिला मधल्या, भरणीच्या थरावर टाचताना मध्यापासून बाहेर जायला आणि शिवणीच्या खाचेतून वॉकिंग फूटने टीप मारायला सांगितलं. तो फूट वरचं कापडही दात्यांसारखाच पुढे ओढतो, म्हणून थर एकमेकांवर सरकत नाहीत.

"तुझं काहीच चुकलं नाही," असं मी तिला म्हटलं होतं. ते पुरेसं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काकूंचा ढीग सरळ निघतो आणि आपली ओळ वाकते, हे तिला कुणी समजावून सांगितलं तरी पचायला जड आहे. मलाही अजून ठरवता आलेलं नाही की शिवणीची दिशा बदलायची हे कधी सांगावं. पहिल्याच दिवशी सांगितलं तर माया, धागा आणि कटर यांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवायला बसल्यावर सांगितलं तर नेटक्या लोकांच्या पट्ट्या तोवर एका बाजूला टोकं करून लागलेल्या असतात. पुढच्या वर्गात मी खडूचा बाण कापतानाच काढायला लावणार आहे, कारण न सांगता. ते नंतर सांगेन, उसवायला बसलेल्यांपैकी कुणी विचारलं तर.