तुम्ही विचारलंत म्हणून : ठाण्यात मेटल डिटेक्टरने जुनी नाणी सापडतील का?

या प्रश्नाला जोडूनच दुसरा येतो, ‘कोणतं मशीन घेऊ?’ मशीनचं सांगतोच, पण आधी जमिनीचं बघू. इथल्या मातीत नाणी आहेत यात शंका नाही. शिलाहारांचं श्रीस्थानक, मग पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे, १७७४ च्या अखेरीस इंग्रज. एवढ्या राजवटींची चिल्लर या बंदरात हातोहात फिरली. प्रश्न आहे तो कुणाच्या जमिनीत शोधायची याचा.

ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं. खाडीकाठची खारफुटी संरक्षित आहे आणि ऐरोली ते वाशी पुलांमधला बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात. संरक्षित किल्ले, लेणी, जुनी देवळं इथे मशीन पिशवीतून बाहेरसुद्धा काढू नका. नवी मुंबईच्या सेक्टरांमध्ये बऱ्याच ठिकाणी वरचा थर भरावाचा. त्यात बाइंडिंग वायर आणि सळयांचे तुकडे एवढे, की मशीन सारखं ओरडत राहतं. उरतात दिवाळे, करावे, बेलापूर अशा गावठाणांतली खासगी अंगणं, परसं, आणि शहापूर-मुरबाडकडची शेतं. परवानगी लेखी घ्या. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर सह्याही चौघांच्या. गावठाणात सहसा सातबारा नसतो, तिथे मालमत्ता पत्रक बघा.

परवानगी मिळाली म्हणजे सापडलेलं आपलं झालं, असं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, किती, कुठे आणि केव्हा सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांत आज मराठ्यांचं तांब्याचं नाणं, साधी शिवराईही बसत नाही, त्यामुळे ‘एकच तर नाणं आहे’ ही सबब चालत नाही. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऐवज बेवारस ठरला आणि आधी काही करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो.

आता मशीन. अँटेना लावलेली, ‘शंभर मीटरवरचं सोनं दाखवतो’ म्हणणारी उपकरणं निव्वळ फसवणूक आहेत. गुप्तधनाच्या नादाने लोक त्यात लाखभर रुपये घालवतात याचं फार वाईट वाटतं. खरं मशीन म्हणजे दांड्याच्या टोकाला तारेची चकती, म्हणजे कॉइल. नाण्यांसाठी कमी फ्रिक्वेन्सीचं, व्हीएलएफ जातीचं मशीन आणि नऊ ते अकरा इंची डबल-डी (आत दोन ‘डी’ आकाराची वेटोळी असलेली) कॉइल पुरे. एक रुपयाएवढं नाणं चांगल्या मातीत पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत कळतं, फार खोल नाही. विकत घेताना एकच गोष्ट आग्रहाने बघा : ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांचा आवाज गाळणारी जुळणी, हाताने लावता येतो का. आपला कातळ बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं आणि मुरमाचा खडाही धातूसारखा वाजतो. ग्राउंड बॅलन्स करताना धातू नसलेली जागा निवडून कॉइल जमिनीपासून पाच ते तीस सेंटिमीटर वर-खाली हलवायची आणि आवाज बदलेनासा होईपर्यंत बटण फिरवायचं. माती बदलली की पुन्हा. खाडीच्या खारट ओल्या चिखलात व्हीएलएफ बावचळतं, कारण मीठपाणी स्वतःच वीज वाहतं. कळव्याकडे उच्च दाबाच्या तारांखाली मशीन बडबडायला लागलं तर आधी सेन्सिटिव्हिटी उतरवा, मग फ्रिक्वेन्सी बदलून बघा.

कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, समांतर. नवशिके झाडू मारल्यासारखी फिरवतात, टोकाला ती उचलली जाते आणि खोली तिथेच हातची जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. आवाज आला की नव्वद अंशांत वळून त्याच जागेवर पुन्हा फिरवा. नाणं दोन्हीकडून सारखं वाजतं, मशीनच्या पडद्यावरचा आकडाही दोन-तीनच्या फरकात राहतो. खिळा एका बाजूने वाजतो, दुसऱ्या बाजूने तुटतो. तांबं आणि चांदी वरच्या आकड्यांत, लोखंड खाली, आणि मध्ये गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद नि बाटल्यांची झाकणं. हा मधला पट्टा त्रासदायक असला तरी तो बंद करून टाकू नका. पातळ, झिजलेली नाणी तिथेच येतात. आणि स्टेनलेस स्टीलचा रुपया बरेचदा लोखंडासारखाच बोलतो. पुलाखाली दोरीला चुंबक बांधून खाडीतली चिल्लर काढतात, त्यात हेच स्टीलचे रुपये येतात. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया चुंबकाला कधीच चिकटणार नाही.

हंगाम भातकापणीनंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबर. ओल टिकलेली असते, खणायचं पातं सहज जातं. उन्हाळ्यात तीच माती दगड होते आणि जोर लावताना नाण्यावर घाव बसतो. खणताना आवाजाच्या मध्यापासून हातभर लांब नको, चार बोटं दूर, तीन बाजूंनी कापून माती झाकणासारखी उलटा. आधी उलटलेल्या गड्ड्यात पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) फिरवा, मग खड्ड्यात. काढून झालं की गड्डा जसाच्या तसा बसवून पायाने दाबा.

नाणं दिसलं की उचलायच्या आधी बाजूला पट्टी ठेवून फोटो घ्या. खोली, मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश आणि सोबत काय होतं ते लिहून ठेवा. नांगराच्या थरातलं एकटं नाणं सहसा हरवलेलं असतं. पण त्याच्याजवळ खापरं, विटा, राख किंवा दुसरं नाणं असेल तर खणणं तिथेच थांबवा. मडक्यातली नाणी कुठल्या थरात, कुठल्या क्रमाने होती, यावरून ती केव्हा पुरली ते ठरतं. तुम्ही ती ओंजळीने उपसलीत की ते कायमचं गेलं, मग नाणी कितीही सुंदर असोत. माती परत ओढा, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा माणूस येईपर्यंत जागा सांभाळा.

आणि घासू नका. माती अंगठ्याने चोळली की वाळूचे कण ‘श्री राजा शिव’ ही अक्षरंच खरवडतात. चिंच, लिंबू, भांडी उजळायची पावडर, काहीही नको. डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशने सुटेल तेवढीच माती काढा. काळपट-हिरवा गुळगुळीत थर राहू द्या, तो नाण्याचं रक्षण करतो. पण फिकट हिरवी भुकटी उठत असेल तर क्लोराइड तांबं खातंय. खाडीजवळच्या नाण्यांना हे हमखास होतं. अशा नाण्याला सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, इतरांपासून वेगळं ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यातून सुटणारं आम्ल हळूहळू चिकट हिरवा थर चढवतं. मायलरची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटं घ्या.