बांधावरच्या खोडांचा धंदा: आमची वाटचाल

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यात केळीची बाग कापली की घड ट्रकमध्ये जातात आणि खोडं बांधावर पडतात. केळीचं खोड एकदाच निसवतं, दुसरा घड देत नाही. हेक्टरी साठ-सत्तर टनांचा हा ओला पसारा हलवायचा, वाळला की पेटवायचा आणि त्याची मजुरीही शेतकऱ्यानेच भरायची. आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हेच केलं. गजरा बांधायला सोपट, म्हणजे खोडाचा एकेक पदर, वापरतात, तेव्हा त्यात धागा आहे हे घरोघरी ठाऊक होतं. त्याचा धंदा होईल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

आम्ही आता या खोडांतून यंत्राने धागा काढून विकतो. यंत्राचं काम दिसायला सोपं आहे. खोड चिरून एकेक सोपट सुटं करायचं आणि फिरत्या रोलरच्या पात्यांसमोर धरायचं. गर खाली गळतो, हातात ओला, चमकदार धागा राहतो. पण पंधरा-वीस किलोच्या खोडातून सुका धागा निघतो जेमतेम शे-दोनशे ग्रॅम. बाकी बहुतेक पाणीच. खोडं गावात आणणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं, म्हणून आम्ही यंत्रच ट्रॉलीवर चढवून शेतात नेतो.

खरी कसोटी रंगाची. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, हे खानदेशात पोरांनाही माहीत असतं. तोच चीक धाग्यात राहिला तर धागा तांबूस होतो, आणि साध्या लोखंडाच्या पात्याशी काळा पडतो. त्यामुळे पाती स्टेनलेस स्टीलची, खोड कापल्यापासून दिवसभरात धागा बाहेर आणि लगेच स्वच्छ पाण्यात धुलाई. वाळवण सावलीत, आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात टाकला तर तो पिवळा पडून कडकड तुटतो. बाहेरची सोपटं जाड, त्यांचा धागा दोरी आणि चटईला. आतली मऊ, ती विणकामाला. ही निवड आमच्या ताई बोटांनी करतात. धागा दोन बोटांत फिरवला की त्या प्रत सांगतात, वजनकाट्याआधी.

शेतकरी खोड फुकट देईल असं नवख्याला वाटतं. पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांवर पुढचं पीक, धरायची असेल तर तो घड उतरल्यावरही खोड काही दिवस उभंच ठेवतो, कारण त्यातलं अन्न पिलाला मिळतं. त्याचं बरोबरच आहे. म्हणून आम्ही मोडायच्या बागाच धरतो. वादळाने बाग आडवी झाली की खोडं एवढी येतात की उरक होत नाही.

विक्रीचं सांगायचं तर, सूतगिरणीला हा धागा चालत नाही. कापसाचा तंतू जेमतेम तीन सेंटीमीटर आणि मऊ, आमचा हातभर लांब आणि ताठ. तो मऊ करून, तुकडे करून, कापसात मिसळावा लागतो, नाहीतर तागाच्या यंत्रावर घालावा लागतो. फिलिपिन्समधली अबाका ही केळीच्याच कुळातली. तिच्या धाग्यापासून जहाजाचे दोर, चहाच्या पिशव्यांचा कागद होतो. तिथे मात्र धाग्यासाठीच लागवड करतात, आमच्याकडे तो फळामागून येतो. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशव्यांसाठी फोन खूप आले, भाव ऐकून बरेच गळाले. टिकले ते हातकागदवाले, टोपल्या-पर्स विणणारे बचतगट आणि सॅनिटरी पॅडवाले.

नुसत्या धाग्यावर युनिट चालत नाही, हे आम्ही नवीन येणाऱ्याला आधीच सांगतो. यंत्राखालच्या गराचं गांडूळखत होतं. पिळून निघालेल्या रसात पालाश (पोटॅश) असतो. नवसारी कृषी विद्यापीठाने त्यापासून द्रवखत तयार केलं, त्या वाटेने आम्हीही गेलो. मंदीच्या महिन्यात मजुरी या दोहोंतूनच निघते.

नमुना हवा असेल तर मागवा, पण पावसाळ्यात घाई करू नका. त्या दिवसांत वाळवण शेडमध्येच होते आणि शेड लहान आहे.