पतंगाच्या पंखाचा वॉलपेपर कधी येणार?

मी इमारतींमधल्या आवाजाचं काम करते हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "ते पतंगाच्या पंखावरून काहीतरी निघालंय ना? कागदाएवढं पातळ, भिंतीला चिकटवलं की आवाज बंद! आपल्याकडे कधी मिळणार?" गणपती जवळ आले की विचारणारे वाढतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

बातमी खरी आहे, आणि झकास आहे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात मार्क होल्डरीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली चिनी टसर रेशमाच्या पतंगाचे पंख तपासले. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनाच्या झाडांवर ज्या टसरच्या अळ्या वाढवतात, त्यांचाच हा भाऊबंद. याला कान नाहीत. वटवाघूळ अंधारात किंचाळून प्रतिध्वनी ऐकतं आणि भक्ष्य गाठतं, पण त्या किंकाळीची याला खबरच लागत नाही. मग वाचायचा कसा? तर प्रतिध्वनीच परत जाऊ द्यायचा नाही.

पतंगाला हात लावला की बोटांना जी पूड लागते, ते त्याचे खवले. पाव मिलिमीटरही लांब नसतात. बुडाशी बारीक देठ पंखाच्या पापुद्र्यात रोवलेला, वर पसरट पातं, त्याला दोन थर आणि वरचा थर भोकाभोकांचा. त्याच विद्यापीठात २०१८ साली आफ्रिकेतल्या एका पतंगाचा सुटा खवला घेऊन त्याची कंपनं मोजली होती. तो साधारण २८, ९० आणि १५० किलोहर्ट्झला (एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं) जोरात थरथरतो, म्हणजे नेमका वटवाघळांच्या पट्ट्यात. पंखावरचे खवले लहानमोठे असतात, त्यामुळे प्रत्येकाचा सूर निराळा. पेटीतल्या सगळ्या पट्ट्या एकाच भात्यावर बसवाव्यात तसे ते एकाच पापुद्र्यावर बसलेले. एकाची थरथर पापुद्र्यातून दुसऱ्याला पोचते, आणि सगळे मिळून जेवढा आवाज गिळतात तो सुट्या सुट्या खवल्यांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतो. मेटामटेरियल म्हणतात ते हेच: गुण पदार्थात कमी, मांडणीत जास्त. ७८ किलोहर्ट्झला ७२ टक्के आवाज शोषला गेला. थराची जाडी शोषलेल्या सर्वांत लांब लहरीच्या एकशे अकराव्या भागाएवढी. पुढे २०२२ साली हेच पंख अॅल्युमिनियमच्या चकतीवर ठेवून पाहिले, तेव्हा आकडा ८७ टक्क्यांपर्यंत गेला. वॉलपेपरची आवई उठली ती इथून.

आता आपल्या भिंतीकडे येऊ. पतंगाचा शत्रू वीस हजार हर्ट्झच्या वर किंचाळतो, तिथे लहर जेमतेम १७ मिलिमीटरची. डीजेचा ठोका १०० हर्ट्झच्या आसपासचा, त्याची लहर ३.४ मीटर लांब. ती ग्लासवूलने, म्हणजे काचेच्या तंतूंच्या गादीने, नीट शोषायची तर पाव लहरीएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटर जाडी लागते. खोलीच संपली! पतंगाचं एकशे अकराव्या भागाचं प्रमाण लावलं तर ३ सेंटिमीटर येतात. कागदावर हे मोहक आहे. पण आकार आणि साहित्य तेच ठेवून सूर एवढा खाली आणायचा, तर डोळ्याला न दिसणारा खवला बोटाएवढा होतो. शिवाय इवल्याशा खवल्याला हवा चिकट लागते, थरथर त्या चिकटपणात जिरून उष्णता होते. बोटाएवढ्या पात्याला ती तशी चिकटत नाही. मग जिरवण्याची सोय वेगळी करावी लागते, रबर लावा, फोम भरा. म्हणजे निघेल ते पॅनेल. वॉलपेपर नव्हे.

दुसरा घोळ याहून मोठा, आणि तो पतंगाच्या आधीपासूनचा आहे. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणारे महाभाग अजून भेटतात. खोलीतला घुमारा जरासा कमी होतो, शेजाऱ्याचा टीव्ही जसाच्या तसा ऐकू येतो. पंखाचा ८७ टक्क्यांचा आकडाही परत फिरणाऱ्या आवाजाचा आहे, पलीकडे जाणाऱ्याचा नव्हे. आणि डेसिबलमध्ये ती घट जेमतेम ९ भरते. रस्त्याचा आवाज ३० डेसिबलने उतरवायचा, तर हजारातला एकच भाग आत यायला हवा.

अडवण्याचा पारंपरिक उपाय म्हणजे वजन: भिंत दुप्पट जड केली की साधारण ६ डेसिबल मिळतात. या नियमाला वळसा घालणारी मेटामटेरियलंही आहेत. २००० साली हाँगकाँगमध्ये शिशाच्या गोळ्यांवर सिलिकॉन रबर चढवून त्या इपॉक्सी या कडक राळेत बसवल्या. अवघ्या दोनेक सेंटिमीटरच्या त्या पाटीने ४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज अशा जाडीच्या साध्या पाटीपेक्षा कितीतरी चांगला अडवला. पण तेवढ्याच अरुंद पट्ट्यात. एकाच सुरात गुणगुणणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला असलं काही शोभेल; ढोल, हॉर्न आणि डीजे यांच्या मिसळीपुढे ते तोकडं पडतं. वेगवेगळ्या सुरांचे घटक एकत्र बसवून पट्टा रुंद करायचा, ही पतंगाची युक्ती मला खऱ्या अर्थाने कामाची वाटते. मोटारींच्या आणि विमानांच्या आतल्या पॅनेलांत, जिथे एकेक ग्रॅम मोजतात, तिथे ती आधी येईल असा माझा अंदाज आहे. फ्लॅटच्या भिंतींचा नंबर बराच मागचा.

तोवर विचारणाऱ्यांना मी स्लायडिंग खिडकीची ब्रशपट्टी बघायला सांगते. ती बहुतेकदा झिजलेली असते. फट राहिली, तर जाड काच लावूनही फारसा उपयोग नाही. जमलं तर दाबून बंद होणारी, रबराच्या पट्टीची खिडकी बसवा आणि एसीच्या पाइपाभोवतीचं भोक बुजवा. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात खरे.