३४ दिवसांची प्रवासी

चेक-इनच्या काउंटरवरच्या बाईंनी आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "३४ दिवसांत उभ्या राहून सामान उचलताय? कमाल आहे हं तुमची!" कमाल कसली? माझं पोट कधी वाढलंच नव्हतं. पण मागे रांग होती. मी नुसती हसले आणि कागदांची फाइल पुढे केली.

त्या फाइलनेच तर आम्हाला अडकवलं होतं. बऱ्याच विमानकंपन्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या बाळाला घेतात. विमानातली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ, म्हणून डॉक्टरांचं 'प्रवासाला हरकत नाही' असं पत्रही घेतलं होतं. वेळ गेला तो जन्मदाखला, सरोगसीचं संमतीपत्र, कोर्टाचा आदेश आणि त्यानंतर पासपोर्ट मिळवण्यात. फोटोसाठी लेकीला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून टिपायचं. डोळे उघडे असले की मूठ तोंडात, मूठ काढली की डोळे मिटलेले. एकसष्टाव्या फोटोला जमलं. म्हणून सांगते, तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा. प्रसूतीच्या नियत तारखेवर विसंबू नका.

सुरक्षा तपासणीत दुधाच्या बाटल्या आपणहून बाहेर काढून दाखवल्या. बाळाच्या दुधाला बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची अट लावत नाहीत, पण न सांगता बॅगेत ठेवलं तर सगळी बॅग उपसतात. पावडर कालवायला निदान ७० अंश तापलेलं पाणी लागतं आणि मग ते दूध निववत बसायचं. मांडीवर रडणारं पोर घेऊन एवढं कोण करणार? मी तयार दूधच नेलं, लागेल त्याच्या दुप्पट. बाळाचे कपडे तीन जोड होते. माझा जादा सदरा मात्र घरी राहिला, आणि तिने ओकायला नेमका माझाच खांदा निवडला.

पुढच्या भिंतीला लावायचं बॅसिनेट, म्हणजे बाळाचा छोटा पाळणा, आधीच फोन करून मागून घेतलं होतं. पण पट्ट्याची खूण लागली की बाळाला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, आणि ती खूण बाळ झोपल्यावरच लागते.

मध्यरात्री हवाईसुंदरीने माझ्या पाठीशी उशी लावली. "कंबर धरली असेल ना?" मी उशी घेतली, पण मनात खजील झाले. ओल्या बाळंतिणीचे लाड माझे होत होते आणि खरी बाळंतीण तिकडे तिच्या घरी टाक्यांवर हात धरून खोकत असेल. निघताना तिने लेकीच्या टाळूवर ओठ टेकवले होते. मला म्हणाली होती, "उतरलात की कळवा. कान दुखतील तिचे."

दुखलेच. उतरताना गिळत राहिलं की कान मोकळे होतात, म्हणून बाटली राखून ठेवली होती. पण वैमानिकाची घोषणा ऐकताच मी घाईने ती तोंडात दिली. लेकीने गटागटा संपवली आणि विमान खरंच खाली झुकू लागलं तेव्हा बाटली रिकामी. चोखणी नवऱ्याच्या खिशात, आणि तो तीन रांगा मागे.

इमिग्रेशनच्या रांगेत फोन सुरू केला. तिचा निरोप आधीच येऊन पडला होता: "रडली का?"

"शेवटची दहा मिनिटं," मी लिहिलं. "तुमचे टाके कसे आहेत?"