पुन्हा घडवणं

१८ दिवस. काल रात्रीपासून हा आकडा डोक्यातून जात नाहीये. येरवांद कोचार या आर्मेनियन शिल्पकाराने सासूनचा दावीद, म्हणजे आर्मेनियन महाकाव्याचा नायक, पहिल्यांदा केला तेव्हा १८ दिवसांत केला होता, १९३९ मध्ये, त्या महाकाव्याच्या हजार वर्षांच्या सोहळ्यासाठी, घोड्यासकट, प्लास्टरमध्ये. आणि १९४१ ला त्याला अटक झाली आणि तो पुतळाच फोडून टाकला. माणूस आत, पुतळ्याचा चुरा.

मी केलेलं आजीचं बस्ट शिफ्टिंगमध्ये फुटलं तर दादा म्हणतो, "अगं परत कर की, हात तर तुझेच आहेत ना." तेच लागलंय मला. फुटलं ते फुटलं, पीओपीच ते, पण "परत कर की"?? आजी कुठे आहे आता समोर बसायला? कमी ऐकू यायचं म्हणून ती मान डावीकडे कलती करायची, ते मी बघून बघून आणलं होतं, आणि त्या दिवसांत घरात जे चाललं होतं... जाऊ दे.

कोचार दोन वर्षांनी सुटला, तेही सोव्हिएत नेता मिकोयान आणि आर्किटेक्ट हालाब्यान हे शाळेतले सोबती वर ओळख असलेले म्हणून. आधी पॅरिसला राहायचा, ते १९३६ लाच सुटलेलं. बायको मेलिने मागून येणार होती, ती आलीच नाही. त्यावर आज नको.

पण मग १९५९. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानच्या रेल्वे स्टेशनसमोर दावीद पुन्हा उभा राहिला, या वेळी ठोकून घडवलेल्या तांब्याचा, साडेतीन टनांचा, खाली बसाल्टचा खडक. घोड्याच्या खुरांखाली एक वाडगा आहे, त्यातून पाणी सांडतं, लोकांचा धीर भरून वाहिला म्हणून. मी तो फोटो झूम करून करून बघत बसले. चाळिशीतला हात आणि साठीतला हात, मधे तुरुंग, मधे युद्ध. तोच दावीद कसा येईल? नसेलच आला. आणि त्याने तो आणायचा प्रयत्न तरी कशाला केला असेल, साठीत जे माहीत झालं होतं ते घेऊनच केला असणार ना. मग माझ्या आजीची मान सरळ आली तर येऊ दे बापडी.

आणि तेवढ्यावर थांबला पण नाही तो, १९७५ मध्ये वर्दान मामिकोन्यान हा जुना आर्मेनियन सेनापती केला, पुन्हा घोडाच, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, आणि हा घोडा तर जमिनीला टेकलाय की नाही कळत नाही इतका उधळलेला.